वहीतली एकतीस नावं

अर्जुना सुट्टी संपवून पलटणीत परत गेला त्याला पंधरा दिवस झाले होते, तेव्हा सुलानं पहिली कादंबरी वाचली. चौऱ्याहत्तर सालचा फेब्रुवारी होता. गाव साताऱ्याच्या दक्षिणेला, उंब्रजच्या अलीकडं. घरी सात एकर ऊस. सासरे नानासो ग्रामपंचायतीत मेंबर, सासू हरणाबाई, धाकटा दीर लालासाहेब आणि सुलाची चार वर्षांची पोर बना. सुला सातवी पास होती, आणि त्या घरात एवढं शिकलेली बाई आधी कुणी आली नव्हती. शिकलेलीचं कौतुक लग्नात झालं ते झालं. पुढं त्या शिक्षणाचा उपयोग म्हणजे अर्जुनाची पत्रं वाचायची आणि औषधाच्या बाटलीवरचं नाव सांगायचं.

पुस्तक दिलं ते अंबूबाईंनी. अंबूबाई बालवाडीच्या बाई. साताऱ्याच्या होत्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. महिन्यातून एक-दोनदा बालवाडीच्या मीटिंगला साताऱ्याला जायच्या, तेव्हा तिथल्या वाचनालयातून दोन-तीन पुस्तकं घेऊन यायच्या. बनाला सोडायला सुला बालवाडीत गेली, तर बाईंच्या पिशवीतून एक पुस्तक डोकावत होतं. सुलानं नुसता हात लावला.

"वाचतेस का?" अंबूबाईंनी विचारलं.

"वाचीन की."

"घरी दाखवू नको मात्र. नानासोंना कादंबऱ्या म्हणजे नाटकवाल्यांचा धंदा वाटतो. उगं माझ्यावर यायचं."

ती कादंबरी सुलानं दुपारच्या वेळी वाचली. हरणाबाई जेवून कलंडायची, पुरुषमाणसं उसात असायची. गोठ्यात म्हशीच्या गव्हाणीला पाठ लावून सुला बसायची. दोन दिवसांत पुस्तक संपलं आणि तिला वाटलं, हे अर्जुनाला सांगायला पाहिजे. तो चौथीपर्यंत शिकलेला. त्याला वाचायला वेळ लागायचा, पण गोष्ट ऐकायचं वेड होतं. वर्षभर तो बर्फात कुठंतरी पहारा देणार, आणि सुट्टीला आला की विचारणार, "काय केलंस गं वर्सभर?" दर खेपेला ती म्हणायची, "काय करनार? भाकऱ्या." या खेपेला तिच्याकडं सांगायला काहीतरी असणार होतं.

पण विसरायला होईल, म्हणून तिनं एक वही केली. शाळेतली उरलेली चाळीस पानी. नंबर, कादंबरीचं नाव, संपली ती तारीख, आणि पुढं एक-दोन शब्द, म्हणजे ते वाचलं की सगळी गोष्ट आठवेल. 'कादंबरी' हा शब्द कुठं लिहिला नाही. घरात चुकून कुणाच्या हाती लागली तर नको, असं तिला वाटलं. त्या शहाणपणानंच तिचा घात केला.

डिसेंबरात लालासाहेब रेशनकार्ड शोधत होता. सुलाची ट्रंक उघडली, साड्यांखाली वही सापडली. लालासाहेब अकरावीला दोनदा नापास झालेला, पण वाचता येत होतं. त्यानं उभ्या उभ्या वाचलं.

*१. पाटाकाठची भेट. ११ फेब्रुवारी. फार गोड. लवकर संपली.*

*९. दार लोटून ठेव. ४ मे. वसंताला सोडवेना. रडू आलं.*

*१७. शनिवारी येतो. ९ ऑगस्ट. पुन्हा पाहिजे.*

*२२. दिवा नको लावू. २ ऑक्टोबर. भीती वाटली, पण मजा.*

अशा एकतीस ओळी होत्या. लालासाहेब वाईट माणूस नव्हता. भाऊ सरहद्दीवर आणि घरात हे, असं त्याला वाटलं. वही घेऊन तो तसाच बापाकडं उसात गेला.

संध्याकाळी सोप्यावर सुलाला उभं केलं. नानासो तक्क्याला टेकून बसला होता, वहीकडं बघत नव्हता.

"हे काय हाय?" त्यानं विचारलं.

सुलानं वही बघितली आणि तिला आधी हसूच आलं. त्या हसण्यानं आणखी बिघडलं.

"मामंजी, कादंबऱ्या हायत त्या. पुस्तकं. त्येंची नावं लिवल्याती."

"दार लोटून ठेव, हे पुस्तकाचं नाव?" लालासाहेब म्हणाला. "वैनी, मी काय येडा हाय?"

"खरंच हाय, भावजी. आनि त्यो वसंत पुस्तकातला हाय."

"कुठं हायत पुस्तकं? दाव."

"परत दिली. अंबूबाईंची हायत. त्यास्नी इचारा."

नानासोनं तिथूनच माणूस पाठवून अंबूबाईंना बोलावणं धाडलं. तेवढ्यात शेजारच्या दोन बाया आणि पंचायतीचा शिपाई गुंडा असे दाराशी येऊन उभे राहिले. अंबूबाई पदर सावरत आत आल्या, तेव्हा सुलाला वाटलं, आता संपलं. एका वाक्याचं काम आहे.

"बाई," नानासो म्हणाला, "आमच्या सुनंला भलतंसलतं वाचायला कोन देतंय, त्ये मला पायजे. ज्यानं कुनी तिला फितीवली, त्येला या गावात भाकरी मिळू देनार न्हाई मी. तुमी देत हुतासा का पुस्तकं?"

अंबूबाईंनी सुलाकडं बघितलं, मग दारातल्या माणसांकडं. बालवाडी पंचायतीच्या खोलीत भरायची. बाईंना ठेवायचं की काढायचं हे ठरवणाऱ्या पाच माणसांतला एक समोर तक्क्याला टेकून बसला होता.

"मी श्रावणात पोथी दिली होती एक," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही."

"बाई!" सुला ओरडली.

"मला माहीत नाही गं," असं म्हणून अंबूबाई मान खाली घालून निघून गेल्या.

त्यानंतर सुलाचं कुणी ऐकलं नाही. गावात वसंत नावाचे दोघेच होते, एक सत्तरीचा आणि एक पाळण्यातला. तेव्हा हा वसंत बाहेरचा, असं लालासाहेबानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलाला तिच्या माहेरी, सांगली जिल्ह्यात विट्याच्या पुढच्या माळावरच्या गावात, पोचवण्यात आलं. बनाला हरणाबाईनं कडेवर घट्ट धरलं होतं. "पोर हितंच ऱ्हाईल," नानासो म्हणाला. "ती आमची हाय." गाडी सुटली तेव्हा बना रडत नव्हती. आई यात्रेला निघाली असं तिला वाटलं असावं, तिनं हात हलवला.

माहेरी बाप नाथाजी आणि आई बनुबाई. पावसावरची बाजरी आणि थोडी शेरडं, एवढ्यावर चालणारं घर. बापानं एकदाच विचारलं, "खरं सांग, पोरी." तिनं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि शेरडं सोडायला गेला. त्याचा विश्वास बसला की नाही, हे तिला कळलं नाही. आई मात्र रोज काहीतरी बोलायची. "सातवीपत्तूर शिकीवली हीच चूक झाली," हे एक, आणि "वाचलंस त्ये वाचलंस, लिवायचं कशाला?" हे दुसरं.

हे दुसरं ऐकलं की सुला घागर उचलून बाहेर पडायची.

तिनं अर्जुनाला दोन आंतर्देशीय पत्रं लिहिली. पहिल्यात सगळं सविस्तर सांगितलं. दुसऱ्यात फक्त बनाबद्दल लिहिलं, की तिला खोकला होतो, तुमच्या आईला सांगा अडुळसा द्यायला. उत्तर एकाचंही आलं नाही. जानेवारीतली सुट्टी रद्द झाली, असं उडत उडत कळलं. ती पाणी आणायला अर्धा कोस जायची, यायची. विहिरीवर बाया बोलायच्या थांबायच्या. बनाएवढी कुठली पोर दिसली की ती तोंड दुसरीकडं करायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अर्जुना आला, आदली रात्र घरी काढून. ऊन रणरणत होतं. खांद्यावर काळी ट्रंक, अंगावर खाकी. सासऱ्याला रामराम करून तो पाणी प्याला. मग सुलाचे आईबाप उठून बाहेर गेले आणि दोघंच राहिली. तो वाळला होता. गालावर थंडीनं फुटल्याचे काळे डाग होते.

"बना बरी हाय," तो म्हणाला. "दात पडलाय एक, पायरीवर पडली त्यात."

सुलानं पदर तोंडाला लावला.

"माझी पत्रं मिळाली?"

"मिळाली. लालाचं आदी आलं. मला पटपट वाचाय येत न्हाई, म्हनून बराकीतल्या एका कोल्हापूरच्या गड्याला दिलं वाचाय. त्यानं मोठ्यानं वाचलं." अर्जुना जमिनीकडं बघत होता. "फुडं तुझी आली. काय लिवायचं त्ये कळंना."

"आनि आता?"

"आता चल घरी. म्या लय इचार केला, सुले. वरीसवरीस मानूस घरी न्हाई. बाईची जात. झालं असंल कायतरी. म्या मनातनं काडून टाकलं. कुनाला काय बोलू देनार न्हाई तुला. माफ केलं म्या."

हे सांगायला त्याला किती जड गेलं असेल, ते तिला दिसत होतं. पलटणीतल्या लोकांनी त्याला सोडचिठ्ठी दे म्हणून सांगितलं असेल. बापानंही सांगितलं असणार. तरी तो एवढ्या लांबून आला होता. घरी बना होती. नुसतं उठून पिशवी भरायची, की संध्याकाळी पोर मांडीवर. ती उठलीसुद्धा. मग परत बसली.

"माफी कशाची?"

"आता त्ये उगाळू नको."

"न्हाई, सांगा. काय केलं म्हनून माफ करताय? मी कादंबऱ्या वाचल्या. तुमी आल्याव तुमास्नी सांगायच्या म्हनून नावं लिवली. त्येची माफी असंल तर घेते. दुसऱ्या कशाची मला नको."

अर्जुनाला राग आला. "मी म्हंतोय चल, तर तू मलाच—"

"वही आनलीया?"

त्यानं आणली होती. ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी. तीही तशीच ठेवायची.

"साताऱ्याला चला माझ्यासंगं," सुला म्हणाली. "ज्या वाचनालयातनं अंबूबाई पुस्तकं आनायच्या, तिथं लिवल्यालं असतंय. त्यात ही नावं न्हाई घावली, तर मी मागारी हितं येते. पोरबी मागनार न्हाई."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच भ्या वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून, कऱ्हाडला बदलून, दोघं साताऱ्याला पोचली. वाचनालय सुलानं कधी बघितलं नव्हतं. विचारत विचारत गेली. लांबट खोली, मधे मोठं टेबल, त्याभोवती सात-आठ पुरुष वर्तमानपत्रं वाचत बसलेले. आडव्या काउंटरमागं टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. अर्जुना मागंच राहिला. पुढं सुलाच गेली.

"अंबूबाईंच्या नावावर पुस्तकं जात हुती. ती बगायची हायत, गेल्या वर्साची."

"बाई, दुसऱ्याचं खातं आम्ही दाखवत नाही," गृहस्थ म्हणाले. "नियम आहे."

तिनं काय करायचं हे ठरवलं नव्हतं. नियमाचा विचारच मनात आला नव्हता. मागून अर्जुना म्हणाला, "चल, ऱ्हाऊ दे," आणि त्याच्या आवाजात तिला सुटका ऐकू आली. त्याला बघायचंच नव्हतं. न बघता माफ करणं त्याला सोपं जात होतं.

"बरं, दावू नका," ती म्हणाली. "मी नाव सांगते, महिना सांगते. तुमी निस्तं हाय का न्हाई तेवढं म्हना. आप्पा, माझी लेक चार महिनं झालं माझ्याजवळ न्हाई."

गृहस्थांनी तिच्याकडं बघितलं, खाकीतल्या माणसाकडं बघितलं, आणि काही न विचारता लांबोडं रजिस्टर काढलं.

अर्जुनानं वही उघडली. सुलाला वहीची गरज नव्हती. चार महिने ती ओळ न् ओळ मनात घोकत होती.

"पाटाकाठची भेट. फेब्रुवारी."

बोट खाली सरकलं. "आहे. सहा तारखेला गेली, बावीसला परत."

अर्जुनानं अकरा तारखेच्या ओळीवर अंगठा ठेवला.

एकेक नाव निघायला लागलं. वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. 'दार लोटून ठेव' म्हणताना तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. टेबलाशी कुणीतरी हसलं. अर्जुनानं वळून त्या माणसाकडं असं बघितलं की तो पानं उलटायला लागला. "आहे. एप्रिलअखेर." 'शनिवारी येतो' होती, दोनदा गेलेली. गृहस्थ आता स्वतःच भराभर शोधत होते, आणि एका नावाला म्हणाले, "ही बरी आहे. शेवट जरा ओढलाय." सुलानं मान हलवली. एवढ्या महिन्यांत तिच्याशी पुस्तकाबद्दल नुसतं पुस्तक म्हणून बोलणारा हा पहिला माणूस.

"दिवा नको लावू. ऑक्टोबर."

बोट खाली गेलं, परत वर आलं. पान उलटलं, परत मागं आलं.

"ही नाही."

"सप्टेंबरात बगा."

"नाही बाई. आमच्याकडं हे पुस्तकच नाही."

सुलानं वहीत वाकून ती ओळ बघितली. मग आठवलं. "ही अंबूबाईंनी एसटी स्टँडवर इकत घेतली हुती. गाड्यावरनं. पिवळं कव्हर हुतं."

गृहस्थ म्हणाले, "असेल. पुढं सांगा." पुढच्या नऊच्या नऊ निघाल्या. एकतिसातल्या तीस. त्यांनी रजिस्टर मिटलं, चष्मा काढला आणि अर्जुनाला म्हणाले, "काय ते तुमचं तुम्ही बघा. पण बाईंचं वाचन चांगलं आहे."

दोघं स्टँडवर आली. बाकड्यावर बसली. गाडीला अर्धा तास होता. वही अर्जुनाच्या हातात होती. तो एक पान उघडून बघत होता. कुठलं, ते तिला न बघता कळलं.

"ही एक कशी न्हाई मग?" तो शेवटी म्हणाला.

"सांगितलं की."

"व्हय, सांगितलंस." त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "'भीती वाटली, पण मजा', असं लिवलंयस."

"खुनाची गोष्ट हाय ती. अंधारात म्हातारीचा जीव घेत्यात."

समोर, चौकशीच्या खिडकीशेजारी, पुस्तकांचा गाडा उभा होता. दोरीला चिमट्यांनी अडकवलेली रंगीत पुस्तकं वाऱ्यानं हलत होती. अर्जुनानं तिकडं बघितलं आणि तो उठला.

"कुठं निगालात?"

"इचारून येतो. त्येच्याकडं आसंल तर बगू."

"जाऊ नका."

"का? आसली तर तुझंच खरं हुईल की."

"आनि नसली तर?" सुला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सा महिन्यामागं इकल्यालं पुस्तक. नसलंच त्येच्याकडं. मग काय कराल? तीस घावली, त्येनं तुमचं भागलं न्हाई. एकतिसावी घावली तर बत्तिसावं कायतरी निगंल. मी तुमची वाट बगत वरीस काडलं, तवा तुमी कुठं काय करताय म्हनून मी कुठल्या रजिष्टरात बगाय गेलते?"

तो उभाच होता.

"गाड्याकडं गेलासा तर मी विट्याच्या गाडीत बसते," ती म्हणाली. "बनाला सांगा, आई मेली."

आजूबाजूला लोक होते. एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन उघडपणे ऐकत होती. अर्जुनाचा चेहरा लाल झाला. तो गाड्याकडं बघत राहिला, मग बाकड्यावर बसला. कऱ्हाडची गाडी लागेपर्यंत हातातली वही गुंडाळत, सोडत राहिला.

तिन्हीसांजेला दोघं घरी पोचली. नानासो सोप्यावरच होता. लालासाहेब आतून आला आणि सुलाला बघून थबकला.

"सगळ्या कादंबऱ्या हायत," अर्जुना म्हणाला. "साताऱ्याच्या वाचनालयात लिवल्यात. तारीखवार. मी बगून आलोय."

"सगळ्या?" नानासोनं विचारलं.

सुला उंबऱ्याशी उभी होती. अर्जुनानं तिच्याकडं बघितलं नाही.

"सगळ्या," तो म्हणाला. "आनि आता ह्या गोष्टीवर कुनी त्वांड उघडलं, तर मी घरातनं वायला निगीन."

तो तिच्यावर विश्वास ठेवून बोलला, की घर मिटवायला खोटं बोलला, हे सुलाला त्या दिवशी कळलं नाही. पुढंही तिनं विचारलं नाही. नानासोनं तंबाखूची चंची उघडली. लालासाहेब "मला काय ठावं..." असं काहीतरी म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. तिला चार महिने घालवून दिलं, त्याला चूक म्हणावं, असं त्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बना हरणाबाईच्या मागं लपली. तिनं लुगड्याचा काठ मुठीत धरला होता आणि सुला जवळ गेली की ती आजीभोवती गोल फिरायची. "आगं, आई हाय तुजी," हरणाबाई म्हणाली. पोरीनं मान हलवली. नाही.

चार दिवसांनी बालवाडीच्या दारात अंबूबाई भेटल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"सुला, नोकरी गेली असती गं माझी. मी कुठं गेले असते?"

"व्हय," सुला म्हणाली. "मला ठावं हाय." तिला खरंच ठाऊक होतं, आणि रागही धड येत नव्हता. पण त्यानंतर ती बालवाडीच्या दारात थांबली नाही. बनाला सोडायची आणि वळायची.

अर्जुनाची सुट्टी मे महिन्यात संपली. जायच्या आदल्या दिवशी, उसाला पाणी पाजत होती दोघं, तेव्हा तो बांधावर बसून म्हणाला, "सांग की त्यातली एखादी. पयली. पाटाकाठची."

सुलानं हातातलं खोरं टेकलं. एक मुलगी असते, ती रोज पाटावर धुणं घेऊन जाते, एवढं तिनं सांगितलं. पुढं तिला आठवेना. नाव आठवत होतं, तारीख आठवत होती, रजिस्टरवरून सरकणारं बोट दिसत होतं. गोष्ट कुठं गेली होती कोण जाणे. तिनं दुसरी धरून बघितली, तिसरी धरली. अर्जुना वाट बघत बसला होता.

"फुडच्या येळंला," तो शेवटी म्हणाला आणि पाणी वळवायला उठला.

तो गेला. ऊस वाढला, आषाढ लागला. सुला भाकऱ्या करत होती, धुणं धूत होती, नवऱ्याला महिन्याला पत्र लिहीत होती, चार ओळींचं. पोर दिवसा तिच्या हातानं जेवायला लागली होती, वेणी घालून घ्यायची, पण झोपायला आजीकडंच जायची. सुलानं ओढाताण केली नाही. आपलं अंथरूण तिनं दोघींच्या शेजारी घातलं, हात पसरला तर पोरीच्या पाठीला लागेल एवढ्या अंतरावर, आणि हात मात्र स्वतःजवळच ठेवला.